गरम वाईनच्या गावांतून: न्युरेंबर्ग ते राडेबॉइल

बुधवार, न्युरेंबर्ग

दुपारचे चार वाजले आणि हाउप्टमार्क्ट चौकात दिवेलागण झाली. डिसेंबरच्या मध्यावर इथला सूर्य सव्वाचारच्या सुमाराला मावळतो. शून्याखाली दोन अंश तापमान, पायाखाली ओलसर दगडी फरशी, आणि समोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची छपरं असलेल्या लाकडी टपऱ्यांच्या रांगा. हा न्युरेंबर्गचा क्रिस्टकिंडलेसमार्क्ट. ख्रिसमसच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून आगमनपर्व सुरू होतं. त्याच्या आदल्या शुक्रवारी हा बाजार उघडतो आणि 24 डिसेंबरला दुपारी बंद होतो. दर दोन वर्षांनी गावातली एक किशोरवयीन मुलगी ‘क्रिस्टकिंड’ म्हणजे बाळ ख्रिस्त म्हणून निवडली जाते. सोनेरी मुकुट घालून ती चर्चच्या सज्जातून बाजार खुला झाल्याचं सांगते.

माझी भाची मुक्ता शेजारच्या एर्लांगनमध्ये राहते. तिचं गेली तीन वर्षं एकच पालुपद होतं, "मावशी, उन्हाळ्यात सगळेच येतात, तू डिसेंबरात ये." द्राक्षवाल्यांच्या घरात डिसेंबर म्हणजे जिवाला घोर लावणारा महिना. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. मग रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, पहाटे ठिबक सोडायचं. यंदा बाग रोहनच्या हाती सोपवली आणि आम्ही दोघं निघालो. एकदा तरी थंडीकडे धास्ती सोडून बघायचं होतं.

बाजारात शिरल्यावर वास आधी येतो. लवंग, दालचिनी, संत्र्याची साल, भाजलेले साखरबदाम, आणि या सगळ्याच्या खाली तापलेल्या वाईनचा आंबूस-गोड दर्वळ. प्रत्येक चार-पाच टपऱ्यांमागे एक टपरी ग्लूवाईनची. मोठ्या तांब्याच्या भांड्यातून किंवा नळाच्या यंत्रातून वाफाळती वाईन चिनीमातीच्या पेल्यात ओततात. पेल्याची अनामत वेगळी घेतात आणि पेला परत केला की पैसे परत देतात. पेल्यावरचं चित्र दर वर्षी बदलतं, त्यामुळे अनेकजण तो घरीच घेऊन जातात.

आमचे हे माळकरी. घरी तीन पिढ्या द्राक्ष आहे, पण वाईनचा थेंब ओठाला लागलेला नाही. मुक्ताने त्यांच्यासाठी किंडरपुन्श घेतला. तो फळांच्या रसाचा, त्याच मसाल्यांत उकळलेला, अल्कोहोल नसलेला. मुलांसाठी म्हणून करतात, पण गाडी चालवणारे आणि न पिणारे मोठेही तोच घेतात. दोन्ही हातांनी पेला धरून ह्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "सुंठ बरोबर पडलीय."

माझा पहिला पेला मात्र मनाला लागला नाही. दालचिनी होती, गरमपणा होता, साखर तर भरपूर होती. वाईन कुठे होती ते कळेना. ज्या घरात मण्याची साखर ब्रिक्समध्ये मोजतात, त्या घरच्या बाईच्या जिभेला एवढी गोडी म्हणजे काहीतरी झाकलंय हे लगेच कळतं. मुक्ताला तसं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या तुला दुसरीकडे नेते. इथे शोधावं लागतं."

गुरुवार, न्युरेंबर्ग

दुपारी बाराला आम्ही पुन्हा त्याच चौकात. फ्राउएनकिर्ख या चर्चच्या दर्शनी भागावर एक घड्याळ आहे, 1509 सालचं. ठीक बाराला सात राजमतदारांच्या, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या सरदारांच्या, पुतळ्या सम्राट चौथ्या कार्लभोवती फेऱ्या घालतात. गर्दी माना वर करून बघते, टाळ्या वाजवते. याच सम्राटाच्या काळातली दुसरी गोष्टही इथे सांगितली पाहिजे. 1349 पर्यंत या जागेवर ज्यू लोकांची वस्ती होती. सम्राटाच्या संमतीने ती पाडली गेली, शेकडो माणसं मारली गेली आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागी हे चर्च उभं राहिलं. पुढे 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुनं न्युरेंबर्ग जवळजवळ सगळं कोसळलं. बाजार पुन्हा भरला तो 1948 मध्ये. आज दिसणारी ही रोषणाई पडझडीतून उभ्या केलेल्या गावाची आहे, आणि मला ती त्यामुळे जास्त मोलाची वाटली.

मग जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये गेलो. तिथे दोन वस्तू बघायच्याच होत्या. पहिली, पातळ लाकडाची एक रंगवलेली डबी. तिच्यावरच्या मजकुरात 1628 साल आणि क्रिस्टकिंडच्या बाजाराचा उल्लेख आहे, आणि या बाजाराचा सापडलेला सर्वांत जुना लेखी पुरावा तोच. कुणीतरी कुणाला तरी बाजारातून आणलेली भेट, एवढीशी.

दुसरी वस्तू बघायला मात्र मी निफाडहून आले म्हटलं तरी चालेल. मार्टिन बेहाइमने 1492 साली इथे करवून घेतलेला पृथ्वीगोल, आज उरलेल्यांपैकी सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाही, कारण कोलंबस त्याच वर्षी निघाला होता. पण हिंदी महासागर आहे, बेटं आहेत, आणि गोलावर लिहिलेला मसाल्यांबद्दलचा एक मोठा मजकूर आहे. पूर्वेच्या बेटांवरचा मसाला या देशात पोचेपर्यंत किती हातांतून जातो, प्रत्येक ठिकाणी कर आणि नफा कसा चढतो, हे त्यात पायरीपायरीने मांडलंय. आपल्याकडेही तेच: शेतकऱ्याकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून बाजार समितीत, तिथून पुढच्या व्यापाऱ्याकडे. हे बराच वेळ त्या गोलासमोर उभे होते. "पाचशे वर्षांपूर्वी पण साखळी हीच," म्हणाले.

या साखळीतले मधले हात वगळावेत म्हणूनच युरोपने समुद्र ओलांडला. 1505 मध्ये फ्रान्सिस्को द अल्मेडाचं पोर्तुगीज आरमार हिंदुस्थानाकडे निघालं, त्यात जर्मन सावकारांचा पैसा होता. आउग्सबुर्गचे फुगर आणि वेल्झर होते, तसेच न्युरेंबर्गचे इमहोफ आणि हिर्शफोगेलही होते. त्या आरमाराने आपल्या किनाऱ्यावर पहिला किल्ला बांधला तो अंजदीव बेटावर. कारवारसमोरचं हे बेट आज गोव्यात मोडतं. कारवारहून ते बेट लांबून पाहिलं होतं. त्याचा धागा या गारठलेल्या गावातल्या मसाल्याच्या पेढ्यांपर्यंत येतो हे इथे येऊन नीट उमगलं. मसाल्याच्या आणि रानातल्या मधाच्या जोरावरच न्युरेंबर्गची लेबकुखन ही मसालेदार बिस्किटं प्रसिद्ध झाली. ग्लूवाईनमध्ये पडते तीही त्याच व्यापाराची पुंजी: दालचिनी श्रीलंकेची, लवंग इंडोनेशियातल्या मलुकू बेटांची, वेलदोडा मलबारचा.

वाईनमध्ये मसाला घालण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. एपिकियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकपुस्तकात मध, मिरी, केशर आणि खजुराच्या बिया घालून करायच्या वाईनची कृती आहे. ती मिरी मलबारातून जायची. आणि उलट्या दिशेने रोमन वाईन आपल्याकडे यायची. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासनोंदीत भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाईन आहे, त्यातही इटलीची अधिक पसंतीची, असं लिहिलंय. त्याच नोंदीत तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि कल्याणही येतं. निफाडच्या बाईने न्युरेंबर्गमध्ये ग्लूवाईन प्यायली तर त्यात परकं फार काही नाही.

संध्याकाळी मुक्ताने शब्द पाळला. बाजारात नुसती ग्लूवाईन अशी पाटी असते तशी काही ठिकाणी ‘विंत्सरग्लूवाईन’ अशी पाटी असते. विंत्सर म्हणजे द्राक्षबागाईतदार. स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची, स्वतःच केलेली वाईन असेल तरच ही पाटी लावता येते. युरोपीय संघाचा ग्लूवाईनबद्दल 2014 पासूनचा नियमही कडक आहे: फक्त वाईनपासूनच केलेली, मुख्य चव दालचिनीची किंवा लवंगेची किंवा दोन्हींची, अल्कोहोल निदान 7 टक्के, आणि वरून पाणी ओतून वाढवायची नाही. पण नियमात बसूनही वाईन हलकी वापरता येते. ती हलकी वाईन साखरेआड लपते. बागाईतदाराला मात्र आपलं द्राक्ष लपवायचं नसतं.

तो पेला मी कधी विसरणार नाही. फ्रँकोनियातल्या सिल्वानर द्राक्षाची पांढरी ग्लूवाईन. पहिल्या घोटात आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना लागला, मग सफरचंदासारखा, ओल्या मातीसारखा द्राक्षाचा स्वतःचा स्वाद आला, आणि दालचिनी मागून आली, हळू. मसाला द्राक्षाच्या सोबत चालत होता, पुढे धावत नव्हता. आंबट-गोडाचा तोल साधण्यासाठी आम्ही बागेत किती दिवस घालवतो, काढणीचा दिवस दोन दिवसांनी पुढे-मागे करतो. ती सगळी मेहनत गरम करूनही पेल्यात टिकू शकते, हे मला त्या घोटाने शिकवलं.

ह्यांनी पेल्याचा नुसता वास घेतला. "द्राक्ष कळतंय," म्हणाले.

शुक्रवार, रेल्वेत आणि ड्रेस्डेनला

सकाळची साधी गाडी. होफला बदल. पुढे प्लाउएन सोडल्यावर गाडी ग्योल्टश नदीच्या खोऱ्यावरून जाते. त्या पुलाला 2 कोटी 60 लाख विटा लागल्यात, 1851 मध्ये पुरा झाला, आणि विटांचा त्याच्याएवढा मोठा पूल जगात नाही. पुलावरून पूल दिसत नाही, खाली घरांची छपरं तेवढी दिसतात. पुढचा सगळा वेळ बर्फाची शेतं आणि काळी जंगलं.

केम्निट्झच्या पुढे अंधारलं आणि खिडक्या बोलू लागल्या. या भागाच्या दक्षिणेला एर्त्सगेबिर्ग हे खाणींचे डोंगर. इथल्या घराघरांच्या खिडकीत लाकडी कमान आणि तिच्यावर ओळीने दिवे लावतात, तिला श्विबबोगन म्हणतात. महिनोन्महिने अंधारात उतरून अंधारातच घरी येणाऱ्या खाणकामगारांच्या मुलखात उजेडाला किती मान असेल! गावंच्या गावं त्या कमानींनी उजळलेली होती. आपल्याकडे दिवाळीत आकाशकंदील नसलेलं घर डोळ्यांना खुपतं, इथे तसं एकही घर दिसलं नाही.

ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट 1434 पासूनचा. सॅक्सनीच्या राजमतदार दुसऱ्या फ्रीडरिशने तेव्हा नाताळच्या आधी एका दिवसाचा बाजार भरवायला परवानगी दिली. आज तिथे 14 मीटरहून उंच लाकडी मनोरा फिरतो, मजल्यामजल्यावर बाहुल्या. इथला मान श्टोलनचा, म्हणजे बेदाणे, बदाम आणि लोणी घातलेल्या जड पावाचा. आगमनपर्वात लोणी खायला चर्चची मनाई होती, म्हणून पूर्वी तो तेलात करायचे आणि बेचव व्हायचा. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला अर्ज केले. शेवटी 1491 मध्ये पोप आठव्या इनोसंटने लोण्याची मुभा दिली. एका पावासाठी केलेला हा पाठपुरावा मला फार आवडला.

ग्लूवाईन इथेही प्यायले, लाल, ठीकठाक. आम्ही तिघं उंच गोल टेबलाला उभे होतो. बसायला जागा नाहीच, आणि तेच बरं आहे. शेजारी एक आजी-आजोबा उभे होते. त्यांना मुक्ताने सांगितलं की मावशी-काकांची द्राक्षाची बाग आहे. आजोबांनी लगेच हातमोजा काढून ह्यांचा हात हातात घेतला. "मग उद्या राडेबॉइलला जा," आजी म्हणाल्या. आम्ही तिकडेच निघालो होतो हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ह्यांच्यासाठी आणखी एक किंडरपुन्श आणला.

शनिवार, राडेबॉइल

4 नंबरची पिवळी ट्राम ड्रेस्डेनमधून निघते आणि एल्ब नदीच्या काठाने राडेबॉइलला येते. ट्रामच्या उजव्या हाताला डोंगर सुरू झाला आणि हे सीटवरून उठून काचेला जाऊन उभे राहिले. उभ्या चढावर दगडी बांधांचे टप्पे, आणि टप्प्याटप्प्यावर द्राक्षवेली.

सॅक्सनीत सगळं मिळून जेमतेम 500 हेक्टर द्राक्ष. निफाड तालुक्यातला माणूस ऐकून हसेल, पण हा भाग 51 अंश उत्तरेला आहे. आपलं नाशिक 20 वर. इथे द्राक्ष पिकतं ते या बांधांमुळे: दक्षिणेकडे तोंड केलेला उतार दिवसभर ऊन घेतो, चुन्याशिवाय रचलेले दगड ते धरून ठेवतात आणि रात्री वेलीला परत देतात. ट्रॅक्टर चढत नाही. छाटणी, फवारणी, काढणी, सगळं पाठीवर आणि हातांनी.

श्लोस वाकरबार्थच्या थांब्याला उतरलो. अठराव्या शतकातला वाडा, मागे बाग, आणि त्याच्या मागे सरळ वेलींचा डोंगर. पानं केव्हाच गळलेली, काड्यांवर बर्फाची पांढरी रेघ. ह्यांनी एका वेलीपाशी वाकून काडीवरचा डोळा बोटाने चाचपला. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, असं वेलीला दोनदा उठवावं लागतं. इथे वेल नोव्हेंबरात आपणहून झोपते आणि एप्रिलपर्यंत उठत नाही. वर्षाला एक छाटणी, एक पीक. "किती वर्षांचं खोड असेल?" ह्यांनी विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, तिसेक वर्षांचं. आमच्याकडची बाग पंधरा वर्षांत थकते. झोप मिळालेली वेल जास्त जगते, हे ह्यांनी मला परतीच्या वाटेवर तीनदा सांगितलं.

इथे यायचं कारण मात्र एक जुना कागद. राउग्राफ आउगुस्ट फॉन वाकरबार्थ या सरदाराने 1834 सालच्या डिसेंबरात ग्लूवाईनची कृती लिहून ठेवली. ती जर्मनीतली सर्वांत जुनी मानतात. तिच्यात दालचिनी, सुंठ, बडीशेपेच्या जातीचं अॅनिस, जायफळ, वेलदोडा, डाळिंब आणि केशर आहे. यादी ऐकताना मला आमच्या घरचा श्रीखंडाचा डबा आठवला: केशर, वेलदोडा, जायफळ. त्या कृतीवर बेतलेली पांढरी ग्लूवाईन इथे मिळते.

ती आम्ही बागेच्या कडेला उभं राहून प्यायलो. गुरुवारच्या सिल्वानरपेक्षा ही मऊ होती, केशराचा रंग थोडासा, वेलदोडा स्पष्ट. लाल वाईनला लवंग सोसते, पांढरीला वेलदोडा, असं माझं मत इथे पक्कं झालं. लाल वाईनच्या सालीचा तुरटपणा लवंगेच्या उग्रपणाला तोंड देतो. पांढरीत साल नसते, तिथे लवंग जास्त झाली की औषध होतं. ग्लूवाईन म्हणजे फक्त लाल, असं मानणाऱ्यांनी एकदा ही चाखावी.

रविवार, एर्लांगन

सकाळच्या गाडीने परत. दुपारी चारला मुक्ताच्या घरी आगमनपर्वाच्या हिरव्या चक्रावरची तिसरी मेणबत्ती लावली, आणि शेजारी यायच्या आत आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो.

वाईन लाल, कोरडी, लाकडाच्या पिंपात न मुरवलेली. लाकडाचा वास तापल्यावर कडू लागतो. फार भारी नको, पण नुसती पिता येईल अशी तरी हवीच. एका बाटलीला दोन दालचिनीचे तुकडे, चार लवंगा, एक चक्रफूल, आणि धुऊन पुसलेल्या संत्र्याच्या चकत्या. पांढरा भाग जाड असेल तर काढायचा, नाहीतर कडवट होतं. साखर दोनच मोठे चमचे, लागली तर नंतर. दालचिनी मी घरून नेली होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तेज’ जातीची, गुहागरच्या आमच्या व्याह्यांच्या नारळ-पोफळीच्या बागेतली. ती पातळ, गोडसर सालीची. मुक्ताच्या डब्यातली जाड, तिखट होती, ती बाजूला ठेवली.

सगळ्यात महत्त्वाचं तापमान. अल्कोहोल 78 अंशांना उकळतो, म्हणून वाईन सत्तरच्या आसपासच ठेवायची. मुक्ताकडे थर्मामीटर होता, पण तो नसला तरी कळतं: वाफ येते, भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, पण पृष्ठभाग हलत नाही. हलला की आच बंद. मग झाकण ठेवून अर्धा तास तसंच सोडायचं. मसाला उकळून उतरत नाही, तो मुरून उतरतो. शेवटी गाळून पुन्हा कोमट-गरम. गाळायचं विसरू नये, लवंग पेल्यात राहिली की शेवटचा घोट तिचाच होतो.

ह्यांच्यासाठी दुसऱ्या पातेल्यात लाल द्राक्षाचा रस, थोडा सफरचंदाचा, आलं, तीच कोकणातली दालचिनी, आणि आंबटपणासाठी लिंबू. तो मात्र हव्या त्या आचेवर. आठ माणसं आली. दोन्ही पातेली रिकामी झाली, आणि ह्यांचं आधी. शेजारच्या घरातली लहान मुलगी त्यांच्या मांडीला टेकून तिसरा पेला पीत होती.

साडेआठला रोहनचा फोन. निफाडला मध्यरात्र उलटलेली, पारा सहावर. दहा माणसं बागेत शेकोट्यांवर होती.

"त्यांना चहा दिलास का?" ह्यांनी विचारलं.

"दोनदा झाला, अण्णा."

"उद्या चहाऐवजी रस कर. सटाण्याची अर्ली छाटणीची काळी द्राक्षं निघाली असतील, दोन क्रेट मागव. हातानेच चुरून गाळ. दालचिनी, आलं, थोडा गूळ. गरम दे, मोठ्या पेल्यात."

"किती माणसांचा?"

"वीस धर. शेजारच्या बागेतलेही येतील."

रोहनने फोनवरच हिशेब मांडला आणि म्हणाला, सकाळी पहिली गाडी सटाण्याला लावतो.